नऊशे बारा अंशांची कोळंबी

कॉम्प्युटर शुद्धीवर आहे की नाही हे तपासल्याशिवाय खुर्चीत न बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. सकाळी साडेआठला ते आमच्या खोलीच्या दाराबाहेर चपला काढायचे, उभ्याउभ्याच दोन बोटांनी कीबोर्डवर काहीतरी टाइप करायचे आणि कंबरेत वाकून पडद्याकडे बघायचे. पडद्यावर तीन आकडे उमटायचे. एक, दोन, एक. मग नाना सरळ व्हायचे आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "शुद्धीवर हाय."

त्यानंतरच बाकीच्यांनी आपापले कॉम्प्युटर सुरू करायचे, असा नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, पण मी तिथे असेपर्यंत तो कोणी मोडला नाही. एकदा नाना हळदीला गेले होते आणि दुपारी बारापर्यंत आले नाहीत, तेव्हा बारापर्यंत आम्ही पाच माणसं हातावर हात ठेवून बसलो होतो. मॅनेजर आत डोकावले, "लाइट गेली का?" म्हणाले. आम्ही नाही म्हटलं. ते निघून गेले.

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. शीतगृहं, बेकरीच्या भट्ट्या, औषधांच्या खोल्या अशा ठिकाणी तापमान दाखवणारी यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्राला एक धातूची कांडी असते. कांडी गरम-गार झाली की तिच्यातून बारीकसा विजेचा दाब निघतो. तो दाब म्हणजे अंश सेल्सिअस नव्हे. दाबाचे अंश करायला एक सूत्र लागतं, आणि ते सूत्र म्हणजे शाळेत आपण सगळ्यांनी शिकून विसरलेली बहुपदी: एक्सचा घन, एक्सचा वर्ग, एक्स, आणि शेवटी नुसता एक आकडा. प्रत्येक कांडीची बहुपदी थोडी निराळी. ती शोधायची, तपासायची, यंत्रात भरायची आणि प्रमाणपत्रावर सही करायची, हे आमच्या खोलीचं काम. सही नानांची.

नाना तळवलीचे. जमिनी गेल्या तेव्हा त्या बदल्यात त्यांना इथे नोकरी मिळाली, ती खोकी उचलायची. खोकी उचलता उचलता त्यांनी त्यावरचे आकडे वाचायला सुरुवात केली, चाळिशीत बारावी केली, आणि मग कोणी थांबवलं नाही म्हणून पुढे शिकत राहिले. त्यांची सही पानाच्या एक-तृतीयांश जागेत पसरायची. खाली होडीच्या नांगरासारखं शेपूट असायचं. मी एकदा विचारलं, एवढी मोठी का? तर म्हणाले, "बापान जमिनीच्या कागदावर अंगठा दिला. त्याची भरपाई करतोय."

मी तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. वडूजजवळच्या गावातून आलेली, एमएस्सी, खांदेश्वरला तीन मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मला घेतलं होतं ते पायथन ही कॉम्प्युटरची भाषा येते म्हणून. नाना तोवर सगळं कागदावर करायचे, तेही लग्नपत्रिकांच्या मागे. त्यांच्याकडे लग्नपत्रिकांचा तुटवडा कधीच नव्हता. पुढे चिरंजीव आणि चि. सौ. कां., मागे घन, वर्ग आणि वजाबाक्या.

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "नाना, हे सगळं नमपायमध्ये होतं." नमपाय म्हणजे आकडेमोडीच्या तयार आज्ञांचा एक संच, जगभर लोक वापरतात.

"नमपाय," नाना म्हणाले. त्यांना नाव फार आवडलं. "चांगला हाय. नम, पाय. कुनाच्या पाया परून सुरुवात करतंय म्हंजे शानं असनार."

मी ते दुरुस्त करायला गेले नाही. पुढे ते रोज कीबोर्डला हात लावून तो हात छातीला लावायचे, आणि मॅनेजरांना वाटायचं की नाना जुन्या वळणाचे आहेत.

मी त्यांना दाखवलं, की एक्सचा वर्ग अधिक दोन एक्स अधिक एक एवढं सगळं लिहायची गरज नाही. नुसते आकडे द्यायचे, एक, दोन, एक. नमपाय समजून घेतं.

नानांनी पडद्यावर बोट ठेवून तीन आकडे मोजले. "आनि एक्स कुटं गेला?"

"तो आहेच, नाना. लिहायचा नाही."

"लिवला नाय तं त्याला कसा कलनार का त्यो हाय?"

मी चहा आणायला उठले. त्या आठवड्यात ते थोडे उदास होते. डबा खाताना मधेच म्हणायचे, "पाट मांरलेत, बसनारी मानसं नाय." पण मग त्यांनी स्वतःच हाताने एक्स अधिक एकचा वर्ग केला, तोच नमपायला करायला सांगितला, आणि दोन्हीकडून एक, दोन, एक आलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला. तीच त्यांची सकाळची परीक्षा झाली.

पण भागाकाराने घोळ घातला. दोन बहुपद्यांचा गुणाकार करायचा, मग त्यातल्याच एकीने भागायचं. बाकी शून्य उरली पाहिजे. नानांनी केलं आणि मला हाक मारली. "इकरं ये. यो कोन?"

बाकीच्या जागी शून्य नव्हतं. दशांशचिन्हापुढे सोळा शून्यं आणि मग कुठेतरी शेवटाला दोनाचा एक आकडा होता.

"काही नाही नाना ते. कॉम्प्युटर आकडे ठरावीक जागेतच ठेवतो, त्यामुळे शेवटी थोडं इकडेतिकडे होतं."

"काय नाय तं छापलाय कशाला?"

त्यांनी त्या उरलेल्या कणाचं नाव चिलट ठेवलं. चिलटाच्या मागे ते पंधरा दिवस होते. कीबोर्ड उलटा करून झटकला. प्लग बदलला. शेजारच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं, तिथेही चिलट. हिशेब विभागातल्या मॅडमना उठवून त्यांच्या कॉम्प्युटरवर केलं, तिथेही तेच, अगदी तितकंच. तेव्हा कुठे नाना शांत झाले. "म्हंजे याचा एकट्याचा दोष नाय. सगल्यांच्यात हाय," म्हणाले, आणि त्या दिवसापासून चिलटाला मान देऊ लागले. तपासणीच्या तक्त्यात 'बाकी' असा रकाना होता. बाकीचे लोक तिथे शून्य लिहायचे. नाना खोटं कसं लिहिणार? ते लिहायचे, 'चिलट'.

हा तक्ता पुढे एका बाहेरून आलेल्या ऑडिटरांच्या हाती पडला. ते मराठीच होते. पानामागून पान उलटत गेले. चिलट, चिलट, चिलट. त्यांनी चष्मा काढला आणि आपल्या अहवालात गंभीरपणे लिहिलं, की तपासणी कक्षात कीटकांचा प्रादुर्भाव असून त्याच्या नोंदी नियमित ठेवल्या जातात ही गोष्ट प्रशंसनीय आहे, मात्र उपाययोजना दिसत नाही.

मॅनेजरांनी लगेच पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. दोन दिवस खोली बंद. तिसऱ्या दिवशी आम्ही नाकाला रुमाल लावून आत गेलो. नानांनी चपला काढल्या, परीक्षा घेतली, शुद्धीवर हाय म्हणाले, मग भागाकार केला. चिलट जागेवर होतं.

"मेला नाय," नाना समाधानाने म्हणाले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मला नोकरीला नऊ महिने झाले होते. कायम होण्याचं पत्र तीन महिन्यांनी मिळायचं होतं. धाकटी बहीण साताऱ्याला हॉस्टेलवर होती आणि तिचं सगळं माझ्यावर होतं. याच सुमारास मॅनेजर म्हणाले की आपली स्क्रिप्ट, म्हणजे पायथनमधल्या आज्ञांची फाइल, जुनाट आहे, अपडेट कर. खरंच होती. नमपायमध्ये बहुपदीचं काम करायच्या दोन पद्धती आहेत. जुनीत आकडे द्यायचे ते मोठा घात आधी, म्हणजे घन, वर्ग, एक्स, आणि शेवटी नुसता आकडा. नवीत नेमकं उलटं, लहान आधी, मोठा मागून. नवं काम करायचं तर नवी पद्धत वापरा, असं ते लोक स्वतःच सांगतात.

मी नानांना सांगितलं. त्यांनी चेहरा केला तो पत्रिकेत चुलत्याचं नाव राहून गेल्यावर करतात तसा. "मानाची मानसं शेवटाला?"

"त्यात सोय आहे, नाना."

"सोय असंल. पन रीत नाय."

तरी त्यांनी अडवलं नाही. मी दोन दिवस बसून स्क्रिप्ट बदलली. एक गोष्ट विसरले. यंत्राच्या आतल्या चिपला आकडे जुन्याच क्रमाने लागायचे, मोठा आधी. मी ते नव्या क्रमाने भरत गेले. बहुपदी उलटी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी चपला काढल्या, परीक्षा घेतली. एक, दोन, एक. "शुद्धीवर हाय." त्या दिवशी तळोज्याच्या एका शीतगृहाची सहा यंत्रं जायची होती. टेम्पो खाली उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शेवटची तपासणी बर्फात कांडी बुडवून करायची असते, पण बर्फवाला आला नव्हता. मी विचारलं, "नाना, थांबायचं का?"

"एक दोन एक आला ना? जाऊ दे," नाना म्हणाले, आणि सहा प्रमाणपत्रांवर सहा नांगर टाकले.

पाचव्या दिवशी, यंत्रं बसवून चालू केली त्या सकाळी, अकराला फोन आला. शीतगृहाचा सुपरवायझर बोलत होता, आणि मागे भोंगा वाजत होता.

"तुमचं यंत्र नऊशे बारा अंश दाखवतंय!"

"कशाचं?" मी विचारलं.

"कोळंबीचं!"

नाना आणि मी रिक्षाने गेलो. शीतगृहाच्या फाटकात अग्निशमन दलाची लाल गाडी उभी होती. सुपरवायझर नवीन होता, आणि भिंतीवरच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की तापमान शंभरच्या वर गेल्यास अग्निशमन दलाला कळवावे. त्याने कळवलं होतं. आत उणे अठराला कानटोप्या आणि स्वेटर घातलेले कामगार कुडकुडत उभे होते, त्यांच्या समोर शिरस्त्राणं घातलेले चार जवान पाण्याचा पाइप धरून. मधे कोळंबीच्या पांढऱ्या पेट्या, दगडासारख्या. भिंतीवर आमचं यंत्र लालबुंद आकड्यात ९१२ दाखवत होतं. भोंगा चालूच.

जवानांचा प्रमुख वयस्कर होता. त्याने विचारलं, "आग कुठे आहे?"

सुपरवायझरने यंत्राकडे बोट दाखवलं.

"तिथे फक्त आकडा आहे."

"तोच तर म्हणतोय मी."

"आकड्यावर पाणी मारू का?"

कामगारांपैकी एक म्हणाला, "साहेब, काहीही करा पण दरवाजा लावून घ्या, माल वितळतोय." मग दरवाजा लावला गेला आणि आम्ही सगळेच आत अडकल्यासारखे झालो. जवान, कामगार, सुपरवायझर, मी आणि साध्या शर्टातले नाना.

नानांनी खिशातून लग्नपत्रिका काढली. पेन चालेना, शाई गोठली होती. एका जवानाने पेन्सिल दिली. नानांनी यंत्रावरचा विजेचा दाब वाचला, पेटीवर पत्रिका ठेवली आणि गुणाकार मांडायला लागले. आधी सरळ क्रमाने केला, उणे अठरा आलं. मग जरा थांबले, पत्रिका फिरवली आणि आकडे उलट्या क्रमाने लावले. जवानांचा प्रमुख त्यांच्या खांद्यावरून बघत होता. मला तोवर कळलं होतं. मला पहिल्या ओळीतच कळलं होतं.

"नऊशे बारा!" नाना ओरडले. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. "बराबर हाय! बराबर चुकलाय!"

एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. त्यांनी जवानाच्या हातात हात दिला. जवानानेही दिला. सुपरवायझरने विचारलं, "म्हणजे आग नाही ना?" जवान पाइप गुंडाळू लागले.

कोळंबी वाचली. ग्राहक गेला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"सिंपल प्रश्न आहे," मॅनेजर म्हणाले. "स्क्रिप्टमध्ये चेंज कोणी केला?"

मॅनेजर सेल्समधून आलेले. त्यांनीच अपडेट करायला सांगितलं होतं हे ते विसरून गेले होते, आणि स्क्रिप्ट कोणी लिहिली हे कुठे बघायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. कायम होण्याचं पत्र, बहिणीचं हॉस्टेल, वडिलांनी गावात वाटलेले पेढे. मनात म्हटलं, आता बोलते. दहापर्यंत मोजते आणि बोलते. दहाच्या पुढे गेले तरी बोलले नाही.

नाना म्हणाले, "सायेब, प्रश्न चुकलाय."

"काय?"

"कोनी बदलला ते सोरा. सकाली मी परीक्षा घेतली, मना बी कलला नाय. एक दोन एक. उलटा वाचा."

मॅनेजरांनी मनात वाचला. "एक, दोन, एक."

"उलटा करूनशान बी त्योच. जी परीक्षा उलटा मानूस बी पास होतो, ती परीक्षा कसली? परीक्षा माजी. बर्फ नाय घातला, त्यो बी मीच. सही बी माजी."

मॅनेजरांना पहिल्या भागातलं काही समजलं नाही, पण कोणीतरी कबूल झालंय एवढं समजलं. त्यांना तेवढंच हवं होतं. नानांचा सहीचा अधिकार काढून घेतला. निवृत्तीला दोन वर्षं होती. सही कोणी करायची? तर पोरगी क्वालिफाइड आहे, ती करेल. पोरगी म्हणजे मी.

पहिलं प्रमाणपत्र माझ्यापुढे आलं तेव्हा नाना बाजूला उभे होते. मी माझी बारकी, शाळकरी सही केली. नाना म्हणाले, "मोठी कर जरा. लांबून दिसली पायजे." मग त्यांनी पुढचं प्रमाणपत्र सरकवलं.

परीक्षा मात्र त्यांनी बदलली. एक्स अधिक दोन गुणिले तीन एक्स अधिक पाच. नव्या क्रमाने उत्तर दहा, अकरा, तीन. उलटं केलं तर तीन, अकरा, दहा, लगेच कळतं. आम्हा सगळ्यांना पाठ करायला लावलं. काही दिवसांनी खालचा वॉचमनसुद्धा आम्हाला बघून नमस्काराऐवजी "दहा, अकरा, तीन" म्हणायला लागला.

आणि मग नाना म्हणाले, की त्यांचा हात छप्पन्न वर्षं मोठ्याकडेच आधी जातोय, त्याला नवं वळण लागलं पाहिजे. म्हणून महिनाभर सगळं लहान आधी, मोठं मागून.

मला वाटलं आकडेमोडीत. तसं नव्हतं. डब्यात ते आधी सोलकढी प्यायचे, मग भात, मग भाकरी, आणि सगळ्यात शेवटी कालवणातला मासा. फोन उचलला की आधी म्हणायचे, "चल, ठेवतो," मग मुलांची चौकशी, मग काम, आणि शेवटी "हॅलो, कोन बोलतंय?" निम्मे लोक पहिल्याच वाक्याला फोन ठेवून द्यायचे. नानींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मला फोन आला. "बाय, तू त्यांना काय शिकवलास? काल पावने आले तं दारातच त्यांना 'परत या' म्हनाले. ते परत गेले."

कळस झाला तो पुतण्याच्या लग्नाला. पत्रिका छापायचं काम नानांकडे होतं. त्यांनी निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात वर चार महिन्यांच्या नातीचं नाव घातलं. खाली पोरंटोरं, मग तरुण, मग चुलते, आणि अगदी तळाला, प्रेसच्या पत्त्याला चिकटून, घराण्यातले सगळ्यात वयस्कर, नव्वदीचे आजोबा, म्हणजे नानांचे थोरले चुलते. तळवलीत गोंधळ उडाला. आजोबांनी जाहीर केलं की हळदीला येणार नाही, लग्नाला येणार नाही, आणि आपल्या मयतालाही कोणी यायचं नाही.

मीही हळदीला गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. नाना आजोबांच्या ओट्यावर जाऊन बसले. हातात पत्रिका.

"बाबा, यो तलाचा हाय ना, याचा घात सगल्यात मोठा."

"मना शिकवू नको."

"ऐका तं. एक्स लहान हाय तवर वरच्यांचा चालतो. पन एक्स वारत गेला, मोठा झाला, का वरच्या कुनाची किंमत राहत नाय. सगल्यांना कोन ओरून नेतो? त्यो शेवटचा."

आजोबांनी पहिल्यांदा पत्रिकेकडे बघितलं. मग म्हणाले, "सगल्यांना?"

"सगल्यांना. वर न्यायचा का खाली, त्योच ठरवतो."

आजोबांनी पत्रिका हातात घेतली, आपलं नाव अंगठ्याने दाबून पाहिलं आणि टोपी मागितली. ते हळदीत पहाडासारखे बसले होते आणि येईल त्याला पत्रिका खालून वाचायला लावत होते. पुढच्या लग्नसराईत त्या घराण्यात तळाच्या जागेवरून दोन भावांचं भांडण झालं, असं नानींनीच मला सांगितलं.

महिना संपल्यावर नाना पुन्हा सरळ जेवायला लागले. हाताला वळण लागलं का विचारलं, तर म्हणाले, "नाय. पन मासा शेवटाला चांगला लागतो."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. चपला घातल्या आणि गेले. मी पुढे त्या खोलीची प्रमुख झाले, मग दुसऱ्या कंपनीत गेले, लग्न झालं. मी कायम झाले होते, बहीण शिकून नोकरीला लागली होती, सगळं नीट चाललं होतं. फक्त कुठेही सही करायची वेळ आली की पेन टेकवायच्या आधी माझा हात क्षणभर अडायचा. बँकेतल्या मुलीने एकदा विचारलंही, मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?

मागच्या वर्षी करंजाड्याला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला नाना-नानींना बोलावलं. नाना थकले होते, पण आले. माझे वडील गावाहून आले होते. साखर कारखान्यात पंपावर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना माझं काम कधीच समजलं नव्हतं. त्यांनी नानांना विचारलं, "आमची पोर हापिसात नक्की करती काय?"

"खोटा आकडा आला, का त्याला ओलखते," नाना म्हणाले.

वडील खूश झाले. मला ते ऐकवेना. जेवणं झाल्यावर नाना बाल्कनीत जिलेबीची ताटली घेऊन बसले होते, तिथे मी गेले आणि दार ओढून घेतलं.

"नाना, कोळंबीच्या वेळी चिपमध्ये आकडे मी उलटे भरले होते. क्रमाची चूक माझी होती. केबिनमध्ये मी गप्प बसले."

नाना जिलेबी चावत होते. "मना ठाव हाय. तूच तं सांगितला व्हतास, आकरे उलटे घालते म्हनून."

"म्हणजे तेव्हाच माहीत होतं?"

"पेटीवर पत्रिका फिरवली, तवाच."

"मग बोलला का नाही?"

"तुला कामावरून काहारली असती, तं दुसरी पोरगी आली असती. तिनं पयल्यापासून चुका करायला घेतल्या असत्या. तुजी यवरी मोठी चूक करून झाली व्हती. तयार मानूस कोन सोरतो?"

मी हसले आणि मला रडूही आलं. नाना समोरच्या बिल्डिंगकडे बघू लागले. मी थांबायला हवं होतं, पण एक प्रश्न राहिला होता.

"आणि सही, नाना?"

नानांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं. या वेळी त्यांनी रुमाल काढला. बोट पुसलं, पुन्हा पुसलं.

"सहीचा वाईट वाटला," ते म्हणाले. "दोन वरसं रोज वाटला."

"आता?"

"आता बी वाटतो. पन तू इचारलास ते बरा केलास." त्यांनी रिकामी ताटली माझ्यापुढे धरली. "जिलेबी हाय का अजून?"

मी परात घेऊन आले. आतून नानींचा आवाज आला, "त्यांना साकर हाय गो, एकच दे!"

नानांनी ताटली मागे घेतली नाही. मी तीन वाढल्या.